हाताखालच्या बाई

वसाहतीच्या केंद्राचं व्यवस्थापन ताईंच्या गळ्यात पडलं, तेव्हा त्या खोलीत नव्हत्याच. सभा रंगात आली होती आणि बहिणीचा फोन आला म्हणून त्या ओट्यावर गेल्या होत्या. परत आल्या तर सगळे टाळ्या वाजवत होते. कुणाचा तरी सत्कार असेल असं समजून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खुर्चीवरचे निवृत्त स्टेशनमास्तर त्यांच्याकडे झुकून म्हणाले, "अभिनंदन. आता सांभाळा."

"काय सांभाळू?"

"आम्हाला."

ताईंचं सगळं आयुष्य रक्तपेढीत गेलं होतं. तिथे प्रत्येक पिशवीला लेबल असायचं. गट कोणता, कधी घेतलं, कुठे जायचं, सगळं वरच लिहिलेलं. लेबल नसलेली पिशवी कुणी हातातसुद्धा धरत नसे. केंद्रात मात्र कुठल्याच गोष्टीला लेबल नव्हतं. एक मोठी खोली, मागे ओटा, चहापुरतं स्वयंपाकघर, एक लोखंडी कपाट आणि वर उचलून मगच लागणारी कडी असलेलं न्हाणीघर. एवढ्यात सकाळी ज्येष्ठांचं मंडळ यायचं, दुपारी लहान मुलांना घेऊन त्यांच्या आया यायच्या आणि संध्याकाळी कॉलेजातली मुलं ड्रम नि गिटार घेऊन. तिघांनाही वाटायचं, जागा मुळात आपली आहे आणि बाकीच्यांना आपण मोठ्या मनाने येऊ देतोय.

पहिल्या काही आठवड्यांत ताईंचं डोकं पिकून गेलं. स्टेशनमास्तर तक्रार घेऊन यायचे की पोरांनी खुर्च्या एकावर एक रचल्या आणि ज्येष्ठांच्या कमरा त्या उतरवता उतरवता गेल्या. जुळ्यांची आई यायची की पत्त्यांचा डाव संपतच नाही आणि मुलं झोपायच्या वेळेला म्हातारे हुकमावरून भांडतात. ड्रम वाजवणारी मुलगी यायची की आमच्या ड्रममध्ये कुणीतरी बिस्किटं भरून ठेवलीत. ताई प्रत्येकाचं ऐकून घ्यायच्या, प्रत्येकाला "बघते" म्हणायच्या आणि घरी जाऊन नवऱ्यासमोर बसायच्या.

नवरा घरीच कवळ्या बनवायचा. टेबलावर गुलाबी मेणाचे जबडे मांडून ठेवलेले असत आणि तो डोळ्याला भिंग लावून एकेक दात बसवत असे.

"तू वेळापत्रक लाव," तो मान वर न करता म्हणाला. "कुणी वाचणार नाही, पण लावल्याचं समाधान मिळेल."

ताईंनी वेळापत्रक लावलं. आणि आश्चर्य म्हणजे सगळं सुरळीत झालं. अगदी लगेच नाही, पण हळूहळू तक्रारी आटल्या. ज्येष्ठ आपणहून पत्ते घेऊन ओट्यावर बसू लागले. सकाळी खुर्च्या ओळीत मांडलेल्या सापडू लागल्या. ड्रमच्या तालमीची वेळ आधी होती त्याहून जरा लवकरची झाली, आणि ती कुणी केली हे ताईंना आठवेना. बहुधा आपणच केली असेल, असं त्यांनी ठरवलं. माणसाला यश मिळालं की तो फार चौकशी करत नाही. ताईंनीही केली नाही.

याच दिवसांत त्यांना ते टोपीवाले गृहस्थ दिसायला लागले. करड्या रंगाची गोल टोपी, हातात कापडी पिशवी, चालण्यात घाई नाही. कधी ज्येष्ठांच्या डावात मागून पानं बघत उभे, कधी लहान मुलांच्या गोलात मांडी घालून बसलेले, कधी ड्रमच्या तालमीला दाराशी टेकून मान हलवत. ताई समोर आल्या की ते थांबत आणि विचारत, "काय, सगळं ठीक?"

"हो, ठीक," ताई म्हणत. पुढे गेल्यावर त्यांना वाटे, प्रश्न तर साधाच होता, मग आपण साहेबाला उत्तर दिल्यासारखं का उत्तर दिलं? पण मंडळातले कुणी जुने सभासद असतील, असं म्हणून त्या तो विषय सोडून देत.

एके दुपारी केंद्रात आया यायच्या आधी ताई एकट्याच खिडक्या उघडत होत्या. दारात एक तरुण बाई उभी राहिली. औषधाच्या दुकानातला पांढरा कोट अंगात, कामावरून तशीच निघून आलेली दिसत होती.

"व्यवस्थापकांची चावी द्यायला आले," ती म्हणाली आणि तिने एक चावी पुढे केली.

ताईंनी चावी बघितली. लोखंडी कपाटाचीच होती. त्यांची स्वतःची चावी त्यांच्या पर्समध्ये होती, आणि कपाटाला दुसरी चावी आहे हेच त्यांना आजवर माहीत नव्हतं.

"कुणाची म्हणालात?"

"व्यवस्थापकांची. मी त्यांची सून. त्यांना ताप आहे, छातीत कफ झालाय. डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलंय. पण ते ऐकेनात. म्हणाले, मी गेलो नाही तर तिथे गोंधळ होईल. शेवटी मी म्हटलं, मी रजा सांगून येते."

ताईंना पहिल्यांदा वाटलं, ही पत्ता चुकली. मग वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. व्यवस्थापक आपण. आपल्या मुलाचं लग्न व्हायचंय. मग ही सून कुठली? सुनेला त्यांच्या चेहऱ्यावरचा घोळ दिसला असावा. तिने मोबाईल काढून फोटो दाखवला. केंद्राच्या पाटीखाली करडी टोपी घातलेले गृहस्थ ताठ उभे होते, पहिल्या नोकरीवर रुजू झालेल्या माणसासारखे.

"हे," सून म्हणाली. मग जरा हसली. "आणि त्या बाई तुम्हीच का? घरी नेहमी सांगतात. माझ्या हाताखाली एक बाई आहेत. हुशार आहेत, पण निर्णय घ्यायला फार घाबरतात."

ताईंनी तोंड उघडलं. खरं म्हणजे त्यांना म्हणायचं होतं, की बाई गं, इथला व्यवस्थापक मी आहे आणि तुझ्या सासऱ्यांचं नावही मला माहीत नाही. पण ती पोर दमलेली होती, चावी तळहातावर धरून उभी होती आणि तिच्या बोलण्यात सासऱ्यांचं कौतुक होतं.

"हो," ताई म्हणाल्या. "मीच."

"मग सांभाळाल ना चार दिवस?"

"सांभाळते. त्यांना म्हणावं, काळजी करू नका."

ती गेल्यावर ताई कितीतरी वेळ खुर्चीवर बसून राहिल्या. आपण असं का म्हणालो, हे त्यांना कळेना. बहुतेक गेली कित्येक वर्षं कुणीतरी वर असण्याची सवय होती, तीच जिभेवर आली असेल. की त्या वाक्यातलं "घाबरतात" एवढंच खरं होतं म्हणून?

संध्याकाळी त्यांनी चौकशी सुरू केली. आधी स्टेशनमास्तरांना गाठलं.

"ते टोपीवाले तुमच्या मंडळाचे ना?"

"आमचे? छे," स्टेशनमास्तर म्हणाले. "ते तुमचे वडील ना?"

"माझे वडील कसे असतील?"

"म्हणजे? तुमचे निरोप घेऊन तेच तर येतात. पत्ते ओट्यावर खेळा, ताईंनी सांगितलंय. कपाटाची जादा चावी द्या, ताईंना हवीय. मला वाटलं, घरातलेच. आणि खरं सांगू, नाक तुमच्यासारखंच आहे."

जुळ्यांच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "ते मंडळातले आजोबा. मुलांना सावल्यांचे प्राणी करून दाखवतात." ड्रमवाली मुलगी म्हणाली, "काका समितीचे आहेत ना? ते म्हणाले, ताईंची अट आहे. सकाळच्या खुर्च्या तुम्ही मांडून जायच्या, मग ज्येष्ठ तुमच्या आवाजाबद्दल बोलणार नाहीत. आम्ही मांडतो. ते खरंच बोलत नाहीत."

ताईंना भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघवेना.

घरी आल्यावर त्यांनी सगळं नवऱ्याला सांगितलं. तो भिंग कपाळावर चढवून ऐकत राहिला.

"म्हणजे तुझ्या नावाने दुसराच माणूस कारभार करत होता."

"हो."

"आणि चांगला करत होता."

"हो."

"मग तुला राग कशाचा आलाय?"

ताईंनी विचार केला. राग होता की लाज होती, की उपकार झाल्यासारखं वाटत होतं, हेच नीट वेगळं होईना. "कशाचा ते कळत नाहीये, याचाच आलाय," त्या म्हणाल्या.

टोपीवाले नाहीत म्हटल्यावर केंद्राची घडी विस्कटायला वेळ लागला नाही. ओट्यावर ऊन येतं म्हणून ज्येष्ठ पत्ते घेऊन आत आले, आणि हुकमावरून जोरात भांडण झालं. नुकतंच झोपलेलं एक मूल दचकून उठलं आणि त्याच्याबरोबर बाकीचीही रडायला लागली. चिडून एका आईने पत्ते उचलून कपाटात कोंडले. संध्याकाळी मुलांनी खुर्च्या मांडल्या नाहीत, कारण ज्येष्ठांनी त्यांच्या गिटारच्या वायरीच उचलून ओट्यावर ठेवल्या होत्या. सगळे ताईंकडे आले. ताईंनी स्टेशनमास्तरांना सांगितलं की आत बसायला हरकत नाही, आणि जुळ्यांच्या आईला सांगितलं की आत कुणी बसणार नाही. दोन्ही वाक्यं त्यांनी मनापासून म्हटली होती. दोघं एकमेकांना भेटल्यावर मात्र ताईंची चांगलीच पंचाईत झाली.

त्यात टोपीवाले इथले कुणीच नाहीत, ही बातमी बाहेर फुटलीच. जुळ्यांची आई दुसऱ्या दिवशी घरीच आली. चेहरा उतरलेला.

"ताई, खरं सांगा. तो माणूस कोण आहे, हे कुणालाच माहीत नाही?"

"नाही."

"माझी पोरं त्याच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकत होती. मी शेजारी बसून फोन बघत होते. कारण मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

ती आरडाओरडा करत नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. रक्तपेढीत असं झालं असतं, तर त्यांनी स्वतःच सगळं काम थांबवलं असतं.

"मी जाऊन बघून येते," त्या म्हणाल्या.

औषधाच्या दुकानाचं नाव त्या पांढऱ्या कोटावर होतं, त्यामुळे पत्ता मिळायला अडचण आली नाही. बसने थोडं दूर, पुलापलीकडे. दुसऱ्या मजल्यावरचं घर, लहान पण टापटीप. दार सुनेनेच उघडलं आणि आत वळून म्हणाली, "बाबा, तुमच्या ऑफिसातल्या बाई आल्यात."

टोपीवाले पलंगावर उशीला टेकून बसले होते. टोपी नसल्यामुळे ते एकदम वयस्कर दिसत होते. ताईंना बघून त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पण समोर मुलगा उभा होता. त्यांनी घसा खाकरला.

"काय, गोंधळ झाला का?"

ताईंनी मुलाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. "थोडा," त्या म्हणाल्या. "पत्ते परत आत आलेत."

"ओट्यावर पडदा टाका म्हणून सांगितलं होतं मी."

"मला नव्हतं सांगितलंत."

"राहिलं असेल," टोपीवाले म्हणाले आणि पांघरुणाची कड नीट करू लागले.

सून चहा ठेवायला आत गेली, मुलगा फोन घ्यायला बाहेर गेला. खोलीत दोघंच उरली.

"तुम्ही सुनेला सांगितलं नाहीत," टोपीवाले म्हणाले.

"नाही. का नाही सांगितलं, ते मला विचारू नका. तुम्ही सांगा, हे काय आहे सगळं?"

त्यांनी सांगितलं ते फार लांबलचक नव्हतं. गाव सोडून मुलाकडे राहायला आले होते. मुलगा नि सून सकाळी कामाला जात, आणि दिवसभर हे खिडकीत. तुमच्या वसाहतीला केंद्रासाठी माणूस हवाय, असं बसमध्ये कुणीतरी बोलताना कानावर आलं. चालून आले, तर दारात कळलं की कालच एका बाईंची निवड झाली. तसेच परतणार होते. पण सकाळी निघताना घरी सांगून बसले होते की कामासाठी जातोय, आणि संध्याकाळी सुनेने दार उघडताच विचारलं, मिळालं का?

"तिचा चेहरा एवढा आनंदाचा होता," ते म्हणाले, "की मी हो म्हणालो. मग दुसऱ्या दिवशी कुठेतरी जायलाच हवं होतं."

"म्हणून आमच्याकडे आलात."

"सुरुवातीला नुसता बसायचो. मग भांडणं ऐकायला लागलो. प्रत्येकाला काय हवंय ते दुसऱ्याला कळत नव्हतं, एवढंच. मी इकडचं तिकडे सांगितलं."

"माझ्या नावाने."

"मला कोण ओळखतं? माझं कुणी का ऐकावं? तुमचं नाव घेतलं की ऐकायचे."

ताईंना हे पटेना. त्यांचं कुणी ऐकत नाही, हे त्यांना रोज दिसत होतं. "माझं ऐकत असते तर मी..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांनी कुणाला काही ठाम सांगितलं होतं कधी? त्यांना एकही प्रसंग आठवेना.

"आणि हाताखालच्या बाई?" त्यांनी विचारलं.

टोपीवाले खाली बघत राहिले. "घरी विचारायचे, तिथे अजून कोण असतं. काहीतरी सांगावं लागे. चुकलं माझं."

"आणि घाबरतात म्हणालात ते?"

"ते मात्र बघून म्हणालो."

चहा आला. ताईंना राग यायला हवा होता, तो आलाही होता, पण बशीत बिस्किटं ठेवणाऱ्या सुनेसमोर तो काढायचा कुठे? त्यांनी चहा घेतला. उठताना त्या टोपीवाल्यांना हळूच म्हणाल्या, "तुम्ही घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण मी तिकडे सगळ्यांना खरं सांगणार. मुलांचा प्रश्न आहे."

"सांगा," ते म्हणाले. "मी आता येत नाही."

दोन दिवसांनी ताईंनी तिन्ही गटांना एकत्र बोलावलं. उभं राहून बोलताना त्यांनी काही हातचं राखलं नाही. माणूस कोण, कुठे राहतो, घरी कोण आहे, मी स्वतः जाऊन आले आहे. तो माझे वडील नाही, मंडळाचा नाही, समितीचा नाही. तुम्हाला माझे म्हणून जे निरोप मिळाले, त्यातला एकही माझा नव्हता.

खोलीत असा गोंधळ माजला की कोण कुणावर रागावलंय तेच कळेना. स्टेशनमास्तरांना सगळ्यात जास्त हे लागलं की वसाहतीशी काहीच संबंध नसलेला माणूस त्यांना डावात पान सुचवत होता आणि ते जिंकत होते. ड्रमवाली मुलगी म्हणाली, मग खुर्च्या मांडायची अट होती की नव्हती? एक आजी म्हणाल्या की त्या माणसाने त्यांना रोज रस्ता ओलांडून दिला आहे, आणि त्याला येऊ देणार नसाल तर रस्ता कोण ओलांडून देणार ते आधी सांगा. सगळे बोलून दमल्यावर जुळ्यांची आई म्हणाली, "आले तर येऊ देत. पण मुलांच्या वेळेत नाही. निदान मी त्यांच्या सुनेला भेटेपर्यंत तरी नाही."

"पण ते येणार नाहीत म्हणालेत," ताई म्हणाल्या.

"मग आपण भांडतोय कशासाठी?" स्टेशनमास्तरांनी विचारलं. शेवटी टोपीवाल्यांना बोलवायला स्टेशनमास्तरांनाच पाठवायचं ठरलं.

टोपीवाले आले. बरे झाल्यावर, एका सकाळी, दारातच घुटमळत. ताई पुढे गेल्या.

"घरी सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

"मुलगा म्हणाला, मला माहीत होतं. सून म्हणाली, मला माहीत नव्हतं. आता तिचं म्हणणं, तुला माहीत होतं तर मला का नाही सांगितलंस? तीन दिवस झाले, त्या दोघांचंच चाललंय. माझ्याकडे कुणी बघतही नाही."

ताईंना हसावं की काय करावं ते समजेना. त्यांनी त्यांना आत घेतलं.

पण पूर्वीसारखं काही झालं नाही. आता सगळ्यांना ठाऊक होतं की हे कुणीच नाहीत. टोपीवाल्यांनी काही सुचवलं की ज्येष्ठ म्हणत, हे ताईंचं मत आहे की तुमचं? मुलं म्हणत, काका, ताईंना विचारून या. आणि प्रत्येक वेळी ताईंना उठून यावं लागे, खोलीच्या मधोमध उभं राहावं लागे आणि तोंड उघडून काहीतरी सांगावं लागे. कधी ते बरोबर निघे. कधी इतकं चुके की दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःच ते बदलावं लागे. ओट्यावरच्या पडद्यांचं तसंच झालं. पडदे लावले, ऊन अडलं, पण वाराही अडला. ज्येष्ठ म्हणाले काढा, आया म्हणाल्या राहू द्या, नाहीतर पत्ते पुन्हा आत येतील.

"अर्धे काढावेत," टोपीवाले म्हणाले.

"नाही," ताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. टोपीवालेही. त्यांना बहुधा पुढे आणखी काही बोलायचं होतं, पण ते नुसतं "बरं" म्हणाले.

स्टेशनमास्तरांनी हातातली पानं मिटली. "एकदा स्पष्ट होऊ द्या. इथे व्यवस्थापक कोण आहे?"

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं, टोपीवाल्यांकडे बघितलं. "ते मलाही अजून नीट कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण पडदे काढायचे नाहीत."